शेपटीची तार कशाने जोडायची?

रिमोटच्या विमानाचं किट घरी आलं की सगळ्यांचं लक्ष मोटर, पंखा आणि बॅटरीकडे! पण विमान वर चढणार की नाकावर आपटणार, हे ठरतं सायकलच्या स्पोकहूनही बारीक अशा एका तारेवर. विमानाच्या पोटातली सर्व्हो मोटर आपला चिमुकला हात फिरवते. त्या हाताला जोडलेली तार, म्हणजे पुशरॉड, मागेपुढे सरकते आणि शेपटीची आडवी पट्टी, म्हणजे एलिव्हेटर, वरखाली होते. तारेचं एक टोक जरी निसटलं, तरी रिमोटची दांडी कितीही ओढा, विमान ऐकत नाही. खाली कोण उभं आहे हेही ते बघत नाही!

बऱ्याच किटांत एक गोल पितळी कनेक्टर असतो. भोकात तार घालायची, वरून बारीक स्क्रू आवळायचा, झालं! लांबी जमवायला सोपा, म्हणून सर्वांचा लाडका. मला मात्र तो एलिव्हेटरला लावलेला मुळीच आवडत नाही. गुळगुळीत तारेला धरून ठेवतं ते फक्त स्क्रूचं टोक. मोटरच्या थरथरीने स्क्रू सैल झाला की तार सरकलीच. लावायचाच असेल तर स्क्रू टेकतो तिथे तार कानशीने जराशी सपाट करा आणि स्क्रूला निळ्या थ्रेडलॉकचा थेंब लावा. तो प्लॅस्टिकला लागू देऊ नका हं, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

त्याहून भरवशाचा 'झेड' बाक. तारेचं टोक पकडीने झेड अक्षरासारखं दोनदा वाकवायचं आणि सर्व्होच्या हाताच्या भोकात ओवायचं. स्क्रू नाही, नट नाही, मग सैल काय होणार? फक्त लांबी नंतर बदलता येत नाही. म्हणून शेपटीकडच्या टोकाला क्लेव्हिस लावा. हा दिसतो कपड्यांच्या चिमट्यासारखा. तारेच्या आट्यांवर फिरवला की लांबी कमीजास्त होते. त्याची पिन भोकातून आरपार जाऊन पलीकडे 'टक्' करून बसली पाहिजे. तो उघडू नये म्हणून वरून सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा सरकवायचा. (तुकडा तारेत आधीच ओवून ठेवा, नाहीतर सगळं पुन्हा खोला!)

आणखी एक. दीड मिलिमीटरच्या तारेला दोन मिलिमीटरचं भोक पाडू नका. पट्टी लटलटते आणि वेगात फडफडायला लागते. तार लांब असेल तर तिला मध्ये आधार द्या. ओढताना ती ताठ राहते, पण ढकलताना मधेच वाकते.

आता परीक्षा. हे आईबाबांपैकी कुणाला तरी शेजारी बसवूनच करायचं. आधी पंखा काढून ठेवा. मग रिमोट आणि विमान चालू करून एलिव्हेटर बोटांनी अलगद हलवून बघा. पट्टी हलतेय, पण सर्व्होचा हात जागचा हलत नाही? मग आज विमान उडवायचं नाही. पकड आणा आणि तो जोड पुन्हा करा.