स्वित्झर्लंडची पहिली यात्रा : आधी कागद, मग तिकीट

ओझरच्या परिसरातील द्राक्षे दरवर्षी युरोपच्या बाजारात पोहोचतात. त्याच वाटेने सहकुटुंब जाण्याचा विचार येथील व्यापारी घरांतही आता रुजू लागला आहे आणि पहिली पसंती बहुधा स्वित्झर्लंडला मिळते. मात्र चर्चा विमानाच्या तिकिटापासून सुरू होते आणि घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजींना, ‘त्यांचा चौविहार कसा सांभाळायचा?’ या एका प्रश्नावर मागे ठेवले जाते.

वस्तुतः तेथील जूनमध्ये सूर्यास्त रात्री नऊनंतर होतो. दिवसभर फिरूनही सायंकाळचे भोजन सूर्यास्तापूर्वी निवांत उरकते. डिसेंबरात मात्र साडेचारच्या सुमारासच दिवस मावळतो. म्हणून व्रतस्थ कुटुंबाने मे-जून निवडावा; चातुर्मासापूर्वी परतताही येते. खाकरा, ठेपले, कोरडा शिधा सोबत न्यावा. दूध व दुग्धजन्य पदार्थ प्रवाशांच्या सामानातून नेण्यास मनाई असल्याने तुपाचा डबा व पेढे घरीच ठेवावेत. स्वयंपाकघर असलेले निवासस्थान घेतल्यास कंदमुळांचा व उकळलेल्या पाण्याचा प्रश्न उरत नाही.

स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, परंतु शेंगेन क्षेत्रात आहे. त्या एका व्हिसावर १८० दिवसांत कमाल ९० दिवस राहता येते. पासपोर्ट परतीनंतर किमान ३ महिने वैध, १० वर्षांच्या आत काढलेला व २ पाने कोरी असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधी तो दाखल व्हायलाच हवा. सुट्टीच्या हंगामात बोटांच्या ठशांसाठी वेळ मिळणे अवघड होते, म्हणून माघ-फाल्गुनातच तयारी करणे शहाणपणाचे.

व्यापारी घरांची खरी अडचण कागदांत असते. उलाढाल पेढीच्या खात्यात, बचत खाते मात्र रिकामे. अर्जाच्या तोंडावर त्यात मोठी रक्कम भरली, तर शंका दूर होण्याऐवजी वाढते. सहा महिने व्यवहार नियमित दिसावेत. विवरणपत्रे व पेढीचा नोंदणी दाखला जोडावा. गृहिणीच्या नावे उत्पन्न नसल्यास खर्च उचलणाऱ्याचे पत्र द्यावे. पासपोर्ट, आधार व पॅनवरील नावांत फरक असल्यास तो आधीच दुरुस्त करावा. ज्येष्ठ स्त्रियांच्या बाबतीत माहेर-सासरच्या नावांचा घोळ हमखास निघतो.

सहलीचा खर्च पेढीच्या नफा-तोट्यात टाकू नये. ती मालकाची उचल आहे. सहल कंपनीने घेतलेला टीसीएस हा वाया गेलेला पैसा नव्हे. ज्याच्या पॅनवर तो जमा होतो, त्याला विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. तेथील चलन युरो नसून स्विस फ्रँक आहे, हेही ध्यानी असावे.

युंगफ्राऊयोख स्थानक ३,४५४ मीटर उंचीवर आहे. हृदयविकार वा श्वासाचा त्रास असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना तेथे जाऊ नये. १८७१ पासून दातेरी रुळांची रेल्वे असलेला रिगी पर्वत बराच कमी उंचीचा आहे. बर्फाच्छादित शिखरे तेथूनही दिसतात.

ज्या हातांनी दुकान व घर उभे केले, त्यांनाच ‘तुम्हाला झेपणार नाही’ असे परस्पर ठरवून टाकणे हा हिशोबातील मोठा खड्डा होय. त्यांचा पासपोर्ट सर्वांआधी काढावा. दिवसाचा कार्यक्रम त्यांच्या चालीने आखावा. दोन स्थळे कमी झाली तरी बिघडत नाही.