दोन मिनिटं कोणाची?

मित्रहो, आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटचा पोरगा. दहावीपर्यंत मराठीच्या पेपरात ऱ्हस्व-दीर्घाने माझे जेवढे मार्क खाल्ले, तेवढे गणिताने पण खाल्ले नाहीत. पण संपादक मंडळातला मित्र म्हणाला, "इंग्लिश सेक्शन फुल आहे, मराठीत देतो का?" म्हणून हे धाडस. चूकभूल द्यावी घ्यावी!

विषय आहे इन्स्टंट नूडल्स. हसू नका. शाळेत असताना 'फास्ट फूड : शाप की वरदान' या विषयावर मी शापाच्या बाजूने तावातावाने बोललो होतो आणि दुसरं बक्षीस घेतलं होतं. आज मला ते भाषण मागे घ्यायचं आहे. सगळं नाही, पण अर्धं तरी.

झालं असं की, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो. घर म्हणजे अनसिंग, वाशिमहून पुसदला जाताना रस्त्यात लागतं ते. दिवाळीच्या आधीच आईचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी महिनाभर वजन उचलायचं नाही, ओट्याजवळ जास्त वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं होतं. पहिले चार-पाच दिवस शेजारच्या काकू डबा देत होत्या. पण तेव्हाच सोयाबीन काढणीला आलं. आमच्याकडे सोयाबीन काढणीला आलं की गावात कोणालाच कोणाकडे बघायला वेळ नसतो. काकू शेतात, बाबा मळणीयंत्राच्या मागे रात्री दहापर्यंत. घरात आई पलंगावर, आजीला कंबर धरल्यामुळे उभं राहता येत नाही, आणि तिसरा मी. थर्ड इयर मेकॅनिकल. थर्मोडायनॅमिक्समध्ये बरे मार्क, पण वरणाला शिट्ट्या किती द्यायच्या ते माहीत नाही!

त्या संध्याकाळी मला खरंच लाज वाटली. वीस वर्षांचा मुलगा, भुकेली आई, आणि मी मोबाईलवर भात कसा लावायचा ते शोधतोय.

मग आठवलं. आत्याचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने दिवाळीला येताना कुठल्याशा मॉलमधून दोन पाकिटं आणली होती. व्हिएतनामी नूडल्स सूप, शाकाहारी. लिहितात 'फो', पण तिकडचे लोक म्हणे उच्चार 'फ'च्या जवळपास करतात. मी पाणी उकळलं, तांदळाच्या वाळक्या पांढऱ्या पट्ट्या त्यात टाकल्या, मसाल्याची पुडी अर्धीच टाकली, कोथिंबीर कापली, वरून लिंबू पिळलं. सात-आठ मिनिटांत तीन वाट्या तयार.

आजीने आधी वास घेतला. म्हणाली, "काय होय बाप्पा हे? ह्याच्यात त चक्रीफूल हाये." मी पाकीट उलटून वाचलं तर खरंच! चक्रीफूल, दालचिनी, लवंग, धने. म्हणजे आमच्या काळ्या मसाल्याच्या डब्यातलं निम्मं सामान. नंतर वाचल्यावर कळलं की चक्रीफुलाचं झाड मुळात दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनाममधलंच. म्हणजे व्हिएतनाम आमच्या अनसिंगच्या स्वयंपाकघरात कधीचा येऊन बसला होता, मीच त्याला परदेशी समजत होतो. दुसरा घास घेऊन आजीने निकाल दिला, "शेवयाच हायेत लेका, फक्त गव्हाच्या जागी तांदूळ."

आईने मात्र चवीबद्दल काहीच म्हटलं नाही. ती एवढंच म्हणाली, "गरम आहे रे."

मला आधी वाटलं जीभ भाजली. मग लक्षात आलं. आमच्या घरी आई सगळ्यांना गरम पोळ्या वाढते, आणि स्वतः शेवटी जेवते. तोपर्यंत पोळ्या गार, भाजी गार. वीस वर्षं मी त्या घरात जेवलो आणि हे मला एका पाकिटाने शिकवलं.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्याकडे झटपट जेवणाला एक प्रकारचा आळशीपणाचा शिक्का आहे. बाई घरात पाकीट फोडायला लागली की लगेच 'आजकालच्या बायका' सुरू होतं. पण या पाकिटाचा इतिहास बघा. स्वित्झर्लंडमध्ये १८८२ साली तिथल्या एका लोककल्याण संस्थेने ज्युलियस मॅगी नावाच्या गिरणीवाल्याला विनंती केली, की कारखान्यात राबणाऱ्या बायकांना घरी स्वयंपाकाला वेळ मिळत नाही, तेव्हा लवकर शिजेल आणि पचेल असं काहीतरी तयार करा. त्यातून १८८६ च्या सुमारास वाटाणा आणि डाळींच्या पिठाचं तयार सूप आलं. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती, लोक गरम नूडल्सच्या वाडग्यासाठी रांगा लावायचे. ते बघितलेल्या मोमोफुकू अँडो यांनी १९५८ मध्ये पहिल्या इन्स्टंट नूडल्स बाजारात आणल्या. भारतात मॅगी नूडल्स आल्या १९८३ मध्ये. म्हणजे या वस्तू जन्माला आल्या त्या आळसातून नाही, तर थकव्यातून आणि भुकेतून.

आणि गंमत म्हणजे 'इन्स्टंट' हा शोध आपल्या आज्यांनी कधीच लावला होता. आमच्या आजीची कुरडई घ्या. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटायचे, गाळायचे, चीक खाली बसू द्यायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, मग तो चीक हिंग-मीठ घालून शिजवायचा आणि सोऱ्यातून पाडून एप्रिलच्या उन्हात वाळवायचा. आता इंजिनिअर म्हणून बघा. स्टार्च आधीच शिजवून घेतला, पाणी काढून टाकलं, साठवून ठेवलं. नंतर फक्त उष्णता किंवा पाणी परत द्यायचं. इन्स्टंट नूडल्सचं तत्त्व वेगळं काय आहे? फरक इतकाच की कारखान्यात गव्हाच्या नूडल्स वाफवून बहुतेक वेळा तेलात तळतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, बारीक बारीक छिद्रं राहतात, म्हणून उकळतं पाणी पटकन आत शिरतं. आजीकडे तळायची मशीन नव्हती, वर सूर्य होता.

दुसऱ्या दिवशी पाकिटं संपली. मग आजीने माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढायला लावला आणि बाजेवर बसून हुकूम सोडले. कुरड्या गरम पाण्यात भिजव, निथळू दे, कांदा-मिरचीची फोडणी कर, तिखट, मीठ, परत. पहिल्या दिवशी मी जास्त वेळ भिजवल्या आणि त्याचा चिकट गोळा झाला. "खळ केली का रे पोस्टर चिकटवाले?" इति आजी. तिसऱ्या दिवशी जमलं. भिजवण्यासकट पंधरा मिनिटांत कुरडईची भाजी! बाबा शेतातून आले, जेवले, आणि कोणी केली हे न विचारता दुसऱ्यांदा मागितली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट आमच्या घरात मिळत नाही.

म्हणून माझं मत असं आहे की इन्स्टंट असं या जगात काहीच नसतं. दोन मिनिटांच्या मागे कोणाचे तरी दोन दिवस असतात. पाकिटाच्या मागे कारखाना असतो, कुरडईच्या मागे आजी असते. खुद्द व्हिएतनाममध्ये फोचा खरा रस्सा हाडं तासन्‌तास उकळून करतात. पाकिटात त्या तासांची फक्त चव येते. प्रश्न झटपट खावं की नाही हा नाहीच. वेळ कोणाचा वाचतो आणि कोणाचा खर्च होतो, हा आहे. आईच्या हातची चव हवी असं आपण प्रेमाने म्हणतो, पण त्या चवीचं बिल नेहमी आईच भरते.

आता कोणी म्हणेल, म्हणजे रोज पाकिटंच खायची का? अजिबात नाही! त्या शाळेतल्या भाषणाचं उरलेलं अर्धं मी अजून मागे घेतलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. पाकिटामागे सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणा म्हणजे मीठ निघतं. आमच्या पाकिटावर एका पुड्याला १४०० मिलिग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे साडेतीन ग्रॅम मीठ एका बैठकीत! म्हणूनच मी मसाला अर्धा टाकला होता. शिवाय त्यात डाळ नाही, भाजी नाही. तीच भर आपण घालू शकतो. मूठभर मेथी किंवा पालक, भिजवलेले शेंगदाणे, वाटाणे, अंडं चालत असेल तर अंडं. आणि किमतीचं काय? त्या एका पाकिटाच्या पैशात आमच्याकडे दोन-तीन किलो गहू येतो. ते रोजचं जेवण होऊच शकत नाही, अडीअडचणीचं आहे आणि तेवढंच राहू द्यावं.

आंधळा विश्वासही नको. २०१५ साली मी पाचवीत वगैरे असेन. जूनमध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने शिशाच्या प्रमाणावरून मॅगी नूडल्सवर बंदी घातली आणि आमच्या वर्गात जणू सुतक पडलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नाहीत आणि कंपनीला बाजू मांडायची नीट संधी मिळाली नाही, असं न्यायालय म्हणालं. पुन्हा तपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरमध्ये पाकिटं परत दुकानात आली. यातून मी तरी हेच शिकलो, की अफवेवर पण जाऊ नये आणि जाहिरातीवर पण. पाकीट उलटून वाचावं.

आकड्यांत बोलायचं तर २०२३ मध्ये भारतात इन्स्टंट नूडल्सचे सुमारे ८६८ कोटी पुडे खपले आणि व्हिएतनाममध्ये ८१३ कोटी. जवळपास सारखेच वाटतात ना? पण माणशी भागा. आपल्याकडे वर्षाला सहा, तिकडे ऐंशीच्या वर! आणि तरीही तिथे सकाळी सकाळी फोच्या दुकानात लोक वाडगा घेऊन बसतातच. पाकिटाने त्यांचा फो मेला नाही. मग आपल्याच कुरड्या-शेवया मराव्यात असं काही ठरलेलं नाही.

त्या मरतील तर दुसऱ्याच कारणाने. आजी आता पंचाहत्तरीला आली. आईला तो चीक ढवळण्याएवढी ताकद पुन्हा कधी येईल माहीत नाही. घरात मुलगी नाही, म्हणून आजी म्हणते, "माह्यासंगंच संपलं हे." हे वाक्य मला झोपू देत नाही. मुलगी नाही म्हणून संपलं? मी काय पत्र्याचा डबा आहे?

तर मित्रांनो, आणि खास करून मित्रांनोच, कारण मैत्रिणींना हे सांगायची गरज नाही. सबमिशनच्या रात्री आपण सगळेच केटलमध्ये नूडल्स करतो. म्हणजे पाणी उकळता येतं, एवढं सिद्ध झालंय. मग येत्या सुट्टीत घरी गेल्यावर एक संध्याकाळ आईला ओट्यावरून बाजूला बसवा. पाकीट असेल तर पाकीट, शेवया असतील तर शेवया, काहीच नसेल तर खिचडी. फक्त तिला आधी वाढा, गरम असताना.

मी तर आजीला शब्द दिलाय. समर एक्झाम संपली की गहू भिजवायला मी हजर. बॅकलॉग राहिला तरी चालेल, कुरडई राहायला नको. (हे शेवटचं वाक्य बाबांना दाखवू नका!)