रंग दाखवून नव्हे, जात सांगून मासा विकावा

खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमच्या धंद्यावर मासे विकणारे दुकानदार आणि काचेच्या टाक्या बनवणारे कारागीर यांची रोजी चालते. ‘रॅस’ कुळातील माशांना या बाजारात चांगली मागणी आहे. परंतु त्यांच्यावरूनच गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात कटकटी होतात. आमचे स्पष्ट मत आहे की, दोष माशाचा नाही. ओळख न देता विकण्याच्या सवयीचा आहे.

या कुळात ५००हून अधिक जाती आहेत. त्यातही एकाच जातीचे पिल्लू, मादी आणि नर वेगवेगळ्या रंगांचे असू शकतात. बहुतेक रॅस आधी मादी असतात, पुढे त्यांतून नर होतात. कोरिस गायमार्डचे पिल्लू तांबडे, त्यावर काळ्या काठाचे पांढरे ठिपके. हेच पिल्लू वाढून सुमारे ४० सेंटिमीटरचे होते, रूप पार बदलते आणि कोळंबी-खेकडे फस्त करते. कापडाचा रंग धुण्यात बदलला तर गिऱ्हाईक आमच्या गादीवर येऊन जाब विचारते. माशाचा रंग तर बदलणारच आहे. मग आधी सांगण्यात नुकसान काय?

असली-नकलीचा प्रश्नही आहे. इतर माशांचे अंग साफ करणारा क्लीनर रॅस आणि त्याची हुबेहूब नक्कल करणारा ब्लेनी मासा प्रथमदर्शनी सारखेच दिसतात. खरी खूण तोंडाची. रॅसचे तोंड थोबाडाच्या टोकाला, तर नकली माशाचे खालच्या बाजूला असते. हा नकली इतरांचे पर कुरतडतो. असली मासाही टाकीत पोट न भरल्याने बहुधा टिकत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आता सोबतीचा हिशेब. फेअरी आणि फ्लॅशर रॅस स्वभावाने नरम, ते सहसा एकत्र राहतात; मात्र एकाच जातीचे दोन नर ठेवू नयेत. सिक्सलाइन बोटाएवढा, पण दांडगा. त्याला सोडायचेच तर सर्वांच्या शेवटी. नवा मासा काही दिवस भोकांच्या पेटीत ठेवून मग सोडावा. पिवळा कोरिस म्हणून विकला जाणारा हॅलिकोरिस आणि लेपर्ड रॅस रात्री वाळूत शिरून झोपतात. त्यांना किमान ५ सेंटिमीटर बारीक वाळू हवी. आणि रॅस उडी मारतात, म्हणून टाकीवर जाळीचे झाकण असलेच पाहिजे.

नावाची किंमत मालदीवच्या उदाहरणावरून कळते. तेथील एक गुलाबी फेअरी रॅस अनेक वर्षे दुसऱ्याच जातीच्या नावाने ओळखला गेला आणि बाजारात विकलाही गेला. २०२२ साली अहमद नजीब या मालदीवच्याच शास्त्रज्ञासह संशोधकांनी त्याची स्वतंत्र जात ठरवली. ‘फिनिफेन्मा’ हे नाव धिवेही भाषेतील गुलाबावरून दिले. ज्या मालाचे नावच ठाऊक नाही, तो समुद्रातून किती काढावा याचा हिशेब कोण ठेवणार?

काही दुकानदार म्हणतील, एवढे सांगत बसलो तर विक्री कशी होणार? आमचे उत्तर असे की, एक मासा कमी विकला तर एका दिवसाचा नफा जातो. सोडलेल्या माशाने टाकीतले बाकीचे मारले तर गिऱ्हाईक कायमचे जाते. दुकानदार बांधवांनी प्रत्येक टाकीवर माशाची जात, पूर्ण वाढीचा आकार आणि स्वभाव लिहावा, आणि मासा देण्यापूर्वी घरच्या टाकीत काय आहे ते विचारावे. याला एक पैसाही भांडवल लागत नाही.