'ह'च्या बाराखडीपलीकडचे तोरडमल



मधुकर तोरडमलांवरच्या पत्रात 'एका लकबीवर जगलेला नट' असा शेरा वाचला. पटला नाही.

'तरुण तुर्क म्हातारे अर्क'मधले प्रा. बारटक्के ऐन वाक्यात शब्द विसरतात आणि 'हा', 'ही', 'हे'वर भागवतात. गाळलेली जागा प्रेक्षक भरतो, तीही हमखास चावट शब्दाने. प्रोफेसर मात्र निष्पाप चेहऱ्याने पुढे निघून जातात. हे जमायला मागचं-पुढचं वाक्य नेमकं बांधावं लागतं, आणि ती बांधणी नाटककार तोरडमलांचीच. आमच्याकडे देवास-धारला गणेशोत्सवात हौशी मंडळी असलं काही करायला जातात, घाईने 'ह' उरकतात आणि हशा येतच नाही. थांबायचं कुठे, हे संहितेत असलं तरी दिसत नाही.

शिवाय हेच गृहस्थ अहमदनगरला इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'काळं बेट लाल बत्ती' हे नाटक त्यांचंच. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या, 'तिसरी घंटा' हे आत्मचरित्र लिहिलं. 'सिंहासन' (१९७९) चित्रपटात त्यांना पाहताना बारटक्के आठवतात का, पत्रलेखकांनी प्रामाणिकपणे सांगावं.

आमच्या धारला मदन कवीची तेराव्या शतकातली नाटिका शिळेवर कोरलेली सापडली. अर्धीच, पण संहिता उरली. त्यातल्या नटांचा मागमूस नाही. तोरडमल २०१७ साली गेले. बारटक्के आता दुसऱ्या नटांच्या तोंडी जातील. तेव्हा लकब कोणाची आणि लेखणी कोणाची, हे आपोआप कळेल.

— एक वाचक, देवास