दुसरं औषध हरलं, पुढे काय?

अपस्मारावरची दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट येतच राहिल्या, तर तो आजार औषधांना दाद न देणारा समजायचा, अशी व्याख्या ‘इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी’ या संघटनेनं २०१० मध्ये केली. ती माझ्या कानावर आली, तोवर मी दोनाचा आकडा केव्हाच ओलांडला होता आणि चालू गोळीची मात्रा आणखी वाढवायचं घाटत होतं.

दोन हा आकडा हवेतून आलेला नाही. ग्लासगोच्या डॉक्टरांनी नव्यानं उपचार सुरू झालेल्या रुग्णांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध केली. पहिल्याच औषधानं शंभरातल्या ४७ जणांच्या फिट थांबल्या, दुसऱ्यानं आणखी १३ जणांच्या. त्यापुढच्या औषधांचा गुण फार थोड्यांना आला. म्हणून तिसरी-चौथी गोळी द्यायचीच नाही असं नव्हे. पण तिच्या जोडीनं, मेंदूत फिट नेमकी कुठून उठते याचा शोध सुरू व्हायला हवा. तालुक्याच्या गावी तो सुरूच होत नाही आणि माझी तक्रार आहे ती याबद्दल.

मी एका पतसंस्थेत कारकून आहे. गावातल्या दवाखान्यात वर्षानुवर्षं मला एकच प्रश्न व्हायचा, “मागच्या वेळेपासून किती फिट आल्या?” आई सांगायची, “दोन.” मी दाणकन पडले, दातखीळ बसली, तोंडाला फेस आला, त्या दोन. मग मात्रा वाढायची. हिरड्या सुजल्या, खतावणीतल्या ओळी दुहेरी दिसायला लागल्या, तरी वाढायची.

पुढे मोठ्या शहरातल्या डॉक्टर मॅडमनी मला सोडून आईलाच विचारलं, “काकू, ही बोलता बोलता मध्येच गप्प होते का? ओठ चाटते? ओढणी चाचपत बसते?” आई म्हणाली, “ते तर रोजचंच. तंद्री लागते तिला.” ती तंद्री म्हणजेही फिटच होती. मला पोटातून घशाशी काहीतरी चढून आल्यासारखं वाटतं, पुढचं काही आठवत नाही. तेव्हापासून आई कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी फिटची वेळ लिहिते. गोळी चुकली का, जागरण झालं का, पाळी कधी आली, तेही लिहिते. भावानं मोबाइलवर एका फिटचं चित्रण केलं. मान कुठे वळते, कोणता हात ताठरतो, हे मॅडमनी त्यात पुन्हा पुन्हा पाहिलं. आजार कुठल्या बाजूचा, याचा पहिला अंदाज त्यावरूनच बांधला गेला.

मग व्हिडिओ ईईजी. डोक्याला तारा चिकटवून दिवसरात्र कॅमेऱ्यासमोर राहायचं. गोळ्या मुद्दाम कमी करतात आणि फिट येण्याची वाट पाहतात. फिट येऊ नये म्हणून जिनं नवस बोलले, त्या आईला हे फार जड गेलं. निकाल आला: काही फिट डाव्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातून उठतात, काही उजव्या. म्हणजे फिट उठणारा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया माझ्यासाठी नाही. मेंदूचा तो भाग दोन्हीकडून काढला की काय होतं, हे अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांच्यामुळे जगाला ठाऊक आहे. १९५३ मध्ये अपस्मारासाठीच त्यांच्यावर ती शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवं काही त्यांच्या लक्षात राहिनासं झालं. मॅडमनी हे सगळं उलगडून सांगितलं, माझे प्रश्न संपेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

नकार मिळाला, तरी ती तपासणी वाया गेली असं मी म्हणणार नाही. गुण नसलेली एक गोळी बंद झाली, उरलेल्यांच्या वेळा बदलल्या. फिट पाच मिनिटांवर लांबली तर नाकात मारायचा मिडाझोलमचा फवारा माझ्या पर्समध्ये असतो आणि पतसंस्थेतल्या शेजारच्या ताईंना तो वापरता येतो. फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. न्हाणीघराची कडी मी अजूनही आतून लावत नाही.

पण ज्यांचा दोष एकाच बाजूला आहे, त्यांचं काय? टेम्पोरल लोबच्या अपस्मारावरचा कॅनडातला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शस्त्रक्रियेच्या गटातल्या ५८ टक्के रुग्णांच्या शुद्ध हरपणाऱ्या फिट थांबलेल्या होत्या, नुसत्या औषधांवरच्या गटात फक्त ८ टक्क्यांच्या. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अशा शस्त्रक्रिया १९९५ पासून होतात, मुंबईतही होतात. उपाय देशात आहे. गावच्या दवाखान्यातून तिथवर पोचवणारी चिठ्ठी लिहिली जात नाही, म्हणून कितीतरी तरुण मुलं-मुली शाळा, नोकरी, लग्न सगळं बाजूला ठेवून गोळ्या गिळत बसतात. याचा मला राग येतो.

गावोगावच्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे, दुसरं औषध हरलं की ती चिठ्ठी लिहा. आणि तुमच्या घरात असं कुणी असेल, तर पुढच्या भेटीला फिटची वही आणि मोबाइलवरचं चित्रण घेऊन जा, आणि गोळ्यांची नवी चिठ्ठी हातात घेण्याआधी विचारा, “डॉक्टर, व्हिडिओ ईईजीसाठी आम्हाला कुठे पाठवता?”