श्रेयांक बँकेत, विद्यार्थी दाराबाहेर

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ची नियमावली जाहीर केली, तेव्हा देशभरातील विद्यार्थ्यांना एक मोठे आश्वासन मिळाले. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक खात्यात जमा होतील, कमाल सात वर्षे ग्राह्य राहतील आणि दुसऱ्या संस्थेच्या पदवीसाठी वापरता येतील. अट एवढीच, की किमान निम्मे श्रेयांक पदवी देणाऱ्या संस्थेतून मिळवलेले असावेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यापुरते हे आश्वासन अजून कागदावरच आहे.

तालुक्याच्या गावी बी.एस्सी.ची दोन वर्षे पूर्ण केलेली एखादी विद्यार्थिनी घ्या. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीचे तिसरे वर्ष तिला मोठ्या विद्यापीठात करायचे आहे. वर्षाला चाळीस या हिशेबाने तिच्या खात्यात ऐंशी श्रेयांक आहेत; म्हणजे निम्म्याची अट पाळता येते. पण त्या विभागात तिसऱ्या वर्षाला जागा किती, तिचा कोणता विषय कशाच्या बरोबरीचा मानला जाईल, कोणता पुन्हा करावा लागेल, याचे उत्तर तिला सहसा कोठेच छापील मिळत नाही. मग तिने तयारी करायची ती कशाची?

दोष श्रेयांकाच्या कल्पनेत आहे. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार एक श्रेयांक म्हणजे तीस तासांचे अध्ययन. त्या तासांत काय शिकले गेले, हे तो सांगत नाही. ‘यामिकी, चार श्रेयांक’ ही नोंद एका ठिकाणी लाग्रांजच्या पद्धतीपर्यंत पोहोचते, तर दुसरीकडे परिभ्रमण आणि स्थितिस्थापकत्वावर थांबते. भौतिकशास्त्र ही उतरंड आहे. अवकल समीकरणे आणि रेषीय बीजगणित पक्के नसेल, तर क्वांटम यामिकीचा वर्ग पहिल्याच महिन्यात परका होतो. प्रयोगशाळेची स्थिती याहून बिकट. फ्रँक-हर्ट्झचा प्रयोग स्वतः केलेला विद्यार्थी आणि त्याची निरीक्षणे वहीत उतरवून घेतलेला विद्यार्थी, दोघांच्या खात्यात श्रेयांक सारखेच.

या अडचणीवरचा उपाय जगाला ठाऊक आहे. कॅलिफोर्नियात १९६० च्या मास्टर प्लॅनने कम्युनिटी कॉलेजमधून राज्य विद्यापीठात जाण्याचा मार्ग धोरणात बसवला. तेथे ‘असिस्ट’ या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या जागी चालतो, हे विषयवार पाहता येते. भारतातही पदविकाधारकाला अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. अभियंत्याला जे जमते ते भौतिकशास्त्रज्ञाला का जमू नये?

यावर ‘दर्जा घसरेल’ हा आक्षेप ठरलेला. तो प्रामाणिक असेल, तर त्याचे उत्तर परीक्षेत आहे. पदवीनंतर आयआयटींच्या एम.एस्सी.साठी होणारी ‘जॅम’ परीक्षा महाविद्यालयाचे नाव पाहून गुण देत नाही. तिसऱ्या वर्षी ज्याची पारख करता येते, त्याची दुसऱ्या वर्षाअखेरीस करता येत नाही, असे म्हणणे हे दर्जाचे रक्षण नव्हे. तो विभागांचा आळस आहे.

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक विद्यापीठाने भौतिकशास्त्राची विषय-समकक्षता सूची प्रसिद्ध करावी. तिसऱ्या वर्षाच्या रिक्त जागा दरवर्षी जाहीर कराव्यात. गणित आणि प्रयोगशाळा यांसाठी उन्हाळी सेतुवर्ग चालवावेत. तोवर विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासक्रमाची प्रमाणित प्रत आणि प्रयोगवह्या जपून ठेवाव्यात. शिकलेले सिद्ध करण्याची वेळ आली, तर श्रेयांकांच्या आकड्यापेक्षा त्याच उपयोगी पडतील.

खात्यात शिल्लक आहे, पण धनादेश कोणी वटवत नाही, अशा बँकेवर ठेवीदार किती काळ विश्वास ठेवतील?