पराटी बोलावते, ढालकिडा येते, अन् आपण मधात फवारा मारतो



पराटी महिन्या-दीड महिन्याची झाली की पानाखाली मावा दिसते, अन् दुसऱ्या दिवशी पंप बाहेर निघतो. दुकानातून दोन औषधं, वरून टॉनिक, सगळं एकाच टाकीत. माझं मत स्पष्ट आहे. नुसता मावा दिसला म्हणून मिक्स फवारा मारणं म्हणजे आपल्याच राखणदाराला हाकलून देणं.

हा राखणदार म्हणजे ढालकिडा, काही लोक चित्रांग भुंगेरा म्हणतात. आपल्याकडे जास्त दिसते तो पिवळसर-नारिंगी, पाठीवर काळ्या नागमोडी रेघांचा. थंडीत करडई-मोहरीवर लाल, सात ठिपक्यांचा येते. संत्र्याच्या नवतीवर सायलाची पिल्लंही हे खातात.

आता हा एवढासा किडा एवढ्या मोठ्या वावरात मावा शोधते कसा? दुरून त्याला पिकाचा रंग दिसते, पिवळा रंग त्याला विशेष ओढते. पण खरं काम वासाचं. माव्यानं रस शोषला की झाडाचा वास बदलते. 2005 साली अमेरिकेत सोयाबीनवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मावा लागलेलं सोयाबीन मिथाइल सॅलिसिलेट सोडते आणि सात ठिपक्यांचा ढालकिडा त्या वासाकडे येते, असं त्यात दिसलं. कंबर दुखली की आपण जे मलम चोळतो, त्याचा जो झणझणीत वास असते ना, तोच हा पदार्थ. म्हणजे झाड आजारी पडते अन् स्वतःच वैद्याला निरोप धाडते.

माव्याचाही एक वास आहे. त्याला कोणी धरलं की तो बाकीच्यांना सावध करायला वास सोडते. तो इशाराच ढालकिड्याला पत्ता सांगते. पानावरचा चिकटा लागला की तो तिथंच रेंगाळते.

जवळ गेल्यावर मात्र त्याची नजर फार कामाची नाही. अळीला तर बहुतेक मावा तोंडाजवळ आल्यावरच समजते. म्हणून ती पानावर भराभर चालत राहते. एक मावा सापडला की चाल मंद करते अन् त्याच जागी वळणं घेत शोधते, कारण मावा एकटा नसते, त्याचं खटलं असते. अशी एक अळी मोठी होईपर्यंत शेकडो मावा फस्त करते.

यातून आपल्या कामाच्या चार गोष्टी:

1) अळी ओळखा. काळी, लांबुळकी, पाठीवर नारिंगी डाग, मगरीच्या पिल्लासारखी. पिठ्या ढेकणावरची क्रिप्टोलेमसची अळी तर पांढरी, मेणचट, पिठ्यासारखीच दिसते, फक्त मोठी अन् चपळ. हा भुंगेरा 1898 साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला, कॉफीवरच्या किडीसाठी. आज आपण त्याच्याच अळीला कीड समजून मारतो. उलट वांग्यावरचा मळकट, केसाळ, 28 ठिपक्यांचा भुंगेरा पानं खाते. तो मित्र नव्हे.

2) पिवळे चिकट सापळे थोडेच लावा, किडीचा अंदाज घ्यायला. ढालकिडाही पिवळ्याकडे जाते अन् चिकटून मरते.

3) पराटीच्या धुऱ्याकडून चवळीची एक ओळ टाका. चवळीवर आधी मावा येते, ढालकिडे तिथं वाढतात अन् मग पराटीत उतरतात.

4) मुंग्या पाहा. चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात अन् ढालकिड्याला पळवून लावतात.

कोणी म्हणेल, किड्याच्या भरवशावर पीक सोडायचं का? नाही. बोंडात शिरलेल्या गुलाबी अळीला ढालकिडा काही करू शकत नाही. तुडतुड्याचं गणितही वेगळं. पानामागं सरासरी दोन-तीन झाले तर उपाय करावाच लागते. पण मोजून, अन् एका वेळी एकच औषध. वावरात वीस झाडं पाहा, वरचं-मधलं-खालचं पान उलटवा. माव्याजवळ ढालकिड्याच्या अळ्या अन् पिवळ्या अंड्यांचे पुंजके दिसले, तर चार दिवस थांबून पुन्हा मोजा. मावा कमी होत असेल तर पंप घरीच राहू द्या.

हा प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. जो फवारा टळला, त्यात औषधाचा पैसा तर वाचलाच, पण पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जाणारं विषही तेवढं कमी झालं.

झाडानं निरोप धाडला, ढालकिडा पोहोचला. आता चार दिवस आपण थांबायचं.